निंगव्वाचा दगड

वळसंगच्या अल्याडच्या चार-पाच गावांना जाती, पाटे, वरवंटे घडवून देणारा शरणप्पा बहात्तरच्या दुष्काळात रिकामा बसला. दळायला दाणाच नाही, तर जात्याला टाकी कोण लावून घेतंय? शेवटी तो आणि त्याची बायको निंगव्वा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

वैशाखातल्या एका दुपारी डोक्यावर खडीची पाटी घेतलेली निंगव्वा चालता चालता गुडघ्यावर बसली. पाटी तिनं सांडू दिली नाही. दोन्ही हातांनी तशीच धरून बसली अन् मग कलंडली. शेजारची केराबाई अन् आणखी एक बाई धावल्या, बगलेत हात घालून तिला बाभळीखाली नेलं. तोवर सगळं संपलं होतं.

मुकादम धोंडीराम धापा टाकत आला. "गाडी जुपा आदी! हितं कुणी मेलं न्हाय. जुनं दुखणं हुतं, घरी जाऊन गेली. ध्यानात आलं का शरणप्पा?"

शरणप्पानं गाडी जुपली. तिला पुरून तिसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर आला. पोटाला सरकारी सुकडी तिथंच मिळायची.

पुढल्या आठवड्यात मुकादमानं त्याला महादेवाच्या देवळामागं धाडलं. तिथले जुने पडके दगड फोडायचे होते. पहिल्याच दगडावरची माती त्यानं हातानं पुसली अन् हातोडा खाली ठेवला. वीराचा दगड होता तो. गावाच्या गायी सोडवताना मेलेल्या कुणा गड्याचा. लहानपणापासून तो बघत आलेला. बाया त्यावर विळे घासायच्या. एकावर एक तीन चौकोनी घरं कोरलेली. खालच्या घरात गडी लढतोय, मागं गायी. मधल्या घरात दोन बाया त्याला बगलेत धरून वर नेतायत. वरच्या घरात तो पिंडीपुढं बसलाय.

शरणप्पानं टाकीच्या खुणांवरनं बोट फिरवलं. घाव सगळे डावीकडून आलेले. घडवणारा डावरा होता. एका गायीचा पाय त्याच्याकडून तुटला होता, तर तिथंच त्यानं पायाला बिलगलेलं वासरू काढलं होतं. शरणप्पा लई वेळ त्या वासराकडं बघत राहिला. मग दुसरे साधे धोंडे फोडून त्यानं मुकादमाला नेऊन दिले.

घरी एक न खपलेला पाटा होता. रोज कामावरनं आल्यावर दिवस मावळेस्तोवर तो त्यावर निंगव्वाला कोरत बसायचा. जन्मभर जात्याला टाकी लावलेला हात, माणूस कधी काढलं नव्हतं. टाकी निसटून निंगव्वाचं नाक उडालं. त्या जागी त्यानं तिचा पुढं ओढलेला पदर काढला.

केराबाई बघायला आली. "तोंड न्हाय दिसत. पर मान तिचीच हाय." मग मधल्या घराकडं बघून दचकली. "ही मी व्हय?"

"तूच उचललीस की तिला."

"आन् वर पिंड न्हाय काढलीस?"

वरच्या घरात निंगव्वा जात्यापुढं बसली होती अन् शेजारी दाण्यानं भरलेलं सूप होतं.

"तिला हे पायजे हुतं," शरणप्पा म्हणाला.

केराबाईनं पदर तोंडात धरला.

तो दगड त्यानं रस्त्याच्या कडेला, ती पडली तिथंच रोवला. सकाळी धोंडीराम लालबुंद झाला. "उद्या सायेब यायचाय! काय सांगू त्येला? वीर गड्यांचा असतुय दगड, खडी वाहणाऱ्या बाईचा कसला? फोड त्यो!"

"न्हाय फोडत."

"मग तुजं काम बंद. ए केराबाई, घे घण!"

केराबाईनं घण उचलला, दगडापाशी नेला अन् तिथं टाकून दगडाला पाठ लावून बसली. "मधल्या घरात मी हाय, मुकादम. फोडायचं तर आदी माज्यावर घाला."

एकेक करून बाया तिच्या बाजूला येऊन बसल्या. धोंडीरामानं घणाकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं, थुंकला अन् निघून गेला. दुसऱ्या दिवशी साहेबाची जीप धुरळा उडवत आली, दगडाशेजारनं तशीच पुढं गेली. साहेबानं काच खाली केलीच नाही.

दगड राहिला, शरणप्पाचं काम मात्र गेलं. आता सांगोल्याकडं एखादं काम मिळतंय का बघावं म्हणून त्यानं टाकी-हातोडा फडक्यात बांधला. एवढ्यात दारात मायाक्का उभी राहिली. गावच्या टोकाला राहणारी, महिन्यापूर्वी जिची लेक पाणी शेंदताना विहिरीत गेली ती. तिच्या डोक्यावर घरचा पाटा होता. तिनं तो हळू उतरवला.

"माजी लेक काढ की, शरणप्पा. पडतानाबी दोरी सोडली न्हाय तिनं. तसंच काढ."

शरणप्पानं फडकं सोडलं अन् खाली बसला. "दोरी कुटल्या हातात हुती?"

मायाक्कानं रिकामे दोन्ही हात पुढं केले अन् मुठी आवळून दाखवल्या.