रिकामी की मोकळी

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी, यातला शब्द न् शब्द खरा आहे. नगरपालिकेच्या सुनावणीला आत्या घरून खुर्ची घेऊन गेली. डोक्यावर. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "आजी, आत खुर्च्या आहेत."

"त्या तुमच्या," आत्या म्हणाली. "ही आमच्या पटांगणातली. तिलाही बोलायचंय."

मागोमाग आम्ही सगळ्या बायका. समोर टेबलाशी साहेब, आणि त्यांच्या बाजूला मान खाली घालून बसलेला आत्याचा भाचा. पालिकेत जमिनी मोजायचं काम त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला टेप म्हणत. आई गेल्यावर आत्यानंच त्याला वाढवलं. तो आत्या म्हणायचा म्हणून ती अख्ख्या गल्लीची आत्या झाली.

पटांगण म्हणजे तरी काय, चार इमारतींच्या मधे उरलेला मातीचा तुकडा. ऊन कललं की आम्ही आपापली खुर्ची घेऊन तिथं जायचो. मटार सोलायचे, सुनांची उणीदुणी काढायची, आणि आत्याचं ऐकायचं. आवाज असा तिचा, की टेप लहान असताना एकदा तिनं त्याला जेवायला हाक मारली तर रस्त्यावरची बस थांबली आणि तिघंजण उतरून जेवायला आले.

त्या पटांगणाच्या कडेला एका सकाळी पाटी लागली. रिकामी जागा, कुंपण घालून गोदामासाठी भाड्यानं देणे आहे, हरकत असेल त्यानं सुनावणीला यावं.

"घाबरता काय?" आत्या आम्हाला म्हणाली. "आपला टेप आहे ना तिथं. कुण्या गाढवानं लिहिलं असेल, त्याचा कान धरेल तो."

आम्ही माना खाली घालून मटार सोलत राहिलो. कारण माझ्या खिडकीतून मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलं म्हणजे गल्लीला कळलं होतं. भर दुपारी टेप स्कूटरवर आला, खाली न उतरताच पटांगणाकडे नजर टाकली, काहीतरी लिहिलं आणि गेला. आत्याला हे सांगायचं कुणी?

त्याच संध्याकाळी तो पाटीजवळून जाताना आत्यानं हात केला. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि वाकूनच राहिला. पायात त्याच्या चपला होत्या. त्यानंतर तो बाजाराला वळसा घालून घरी जायला लागला. जेवायलाही आत्याकडे येईना. पोट बिघडलंय म्हणाला.

तर सुनावणी. साहेब भला माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, "आजी, पालिकेच्या जमिनींचे प्रकार असतात. मोकळी म्हणजे सगळ्यांसाठी राखलेली, तिथं वीटही रचता येत नाही. रिकामी म्हणजे जी कुणी वापरत नाही. पाहणीच्या वेळी तुमच्या जागेवर कुणीच नव्हतं."

"पाहणी कधी केली?"

"दुपारी."

"दुपारी तुमची कचेरीही रिकामी असते. ती देता का भाड्यानं?"

पहारेकरी तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला. आत्या मात्र हसली नाही.

"तिथल्या मातीत आमच्या खुर्च्यांच्या पायांनी खळगे पडलेत, साहेब. उतरून चार पावलं टाकली असती तर पाय मुरगळला असता. पाहणारा उतरलाच नाही."

"पाहणी कुणी केली होती?" साहेबांनी विचारलं.

टेप पेनाचं टोपण काढघाल करत होता. ते निसटलं आणि घरंगळत गेलं.

"कुणी का असेना," आत्या म्हणाली. "आमचा टेप असता तर उतरला असता. चालायला शिकलाय तो तिथं. गुडघ्याची सालटी आहेत त्याची त्या मातीत."

टेपचे कान असे लाल झाले, असे तापले, की कचेरीतलं मांजर येऊन त्याच्या खांद्यावर ऊब घेत बसलं. मग तो उभा राहिला.

"मी," तो म्हणाला. "मीच लिहिलं, आत्या."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीवर नसलेली धूळ हातानं झटकली.

साहेबांनी फेरपाहणी लावली, संध्याकाळची. दुसराच माणूस आला. त्याला आम्ही खुर्चीत बसवलं आणि मटार सोलायला लावले. त्यानं लिहिलं, मोकळी. पाटी निघाली.

टेपचा वळसा काही सुटला नाही. शेवटी एकदा बाजाराचा रस्ता खणला, म्हणून त्याला पटांगणातून यावं लागलं. खाली बघत भराभर चालला होता. तेवढ्यात आमच्यातल्या एकीची नवी सून आत्याशेजारच्या खुर्चीत टेकणार, म्हणून तिनं विचारलं, "ही रिकामी आहे का?"

"नाही गं," आत्या म्हणाली. एवढ्या हळू बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. "मोकळी आहे. टेपसाठी."

तो थांबला. मग आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. आत्यानं मटारची टोपली त्याच्या मांडीवर ठेवली. अंधार पडेपर्यंत तो सोलत राहिला, वर न बघता.

आता जीभ शाबूत राहावी म्हणून एक कबूल करते. मांजराचं नव्हे, मांजर खरंच बसलं होतं. तो उभा राहिला आणि कबूल झाला, ते मी पदरचं घातलं. टेप टोपण शोधायला टेबलाखाली वाकला तो सुनावणी संपेपर्यंत वर आलाच नाही. टोपण आत्याच्या खुर्चीपाशी जाऊन पडलं होतं. त्याला ते इतक्यात सापडू नये म्हणून तिनं त्यावर हळूच पाय ठेवला होता.