रद्द झालेल्या अपॉइंटमेंट्स

“तुम्ही यावर काडीचाही विश्वास ठेवणार नाही,” असं म्हणत थापाडे काकांनी डॉक्टर आणि रिसेप्शनवरची मुलगी यांच्या बरोबर मध्ये खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले. “पण वेबसाइटवरच्या त्या सगळ्या अपॉइंटमेंट्स मीच उडवल्या.”

मुलगी दवाखान्याच्या किल्ल्या परत करायला आत आली होती. तिला आजपासून कामावरून काढलं होतं.

“काका, बाहेर बसा बरं,” डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. “सोमवारी अकराला झालंय ते. रद्द करायची परवानगी फक्त हिला आहे, पेशंटला नाही.”

“मी जागेवर नव्हते, सर. कितीदा सांगू?”

“मोबाइल होता ना?”

तिचे कान लाल झाले.

काकांनी आपला फोन नाकापर्यंत नेला. “हे माझं खातं. साधा पेशंट. ही माझी अपॉइंटमेंट. आता वर वेबसाइटचा पत्ता दिसतोय ना, त्यातला शेवटचा आकडा बदलतो.”

पडद्यावर भलत्याच बाईंचं नाव आलं, फोन नंबर आला, आणि खाली ‘रद्द करा’चं लाल बटण.

“दाबू?”

“थांबा! हे कसं उघडलं?”

“तुमच्या वेबसाइटला जोडलेलं अपॉइंटमेंटचं ते प्लगइन. माणूस खात्यात शिरलाय एवढंच बघतं, तो कोण ते विचारतच नाही. असला रखवालदार दारात बसवलात, आणि आळ पोरीवर?”

“त्याचं दुरुस्तीचं अपडेट आलं होतं,” मुलगी म्हणाली. “टाकून घेऊ का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, चालतंय ना, मग कशाला हात लावतेस.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

“तर सोमवारी अकराला,” काका रंगात आले, “गॅलरीत पाय पसरून, चहाचे घोट घेत, एकेकाला टकाटक उडवलं. शेवटी तर बोट सुजलं हो!”

“अकराला?” डॉक्टरांची मान झटकन वर आली. त्यांना आता हसू आवरेना. “काका, धादांत खोटं! अकराला तुम्ही माझ्या ऑपरेशन टेबलावर होतात. हिला आत बोलावल्याशिवाय आडवे व्हायला तयार नव्हतात, आणि शेवटपर्यंत हिचे दोन्ही हात सोडले नाहीत.”