माझ्यासाठी आणलेली सोबत

मी चिगुइरे बोलतेय. उंदराच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. बाहेरचं जग मला कॅपीबारा म्हणतं आणि माझे फोटो बघून "किती शांत, किती गोड!" करतं. शांत कसली डोंबलाची! आतली घालमेल तोंडावर दिसत नाही, एवढंच.

माझा जन्म आपुरे नदीकाठच्या दलदलीत झाला. आमच्यात पिल्लू कुठल्याही आईला लुचतं, कुणी हाकलत नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासात इथली माणसं मटण खात नाहीत, मासा मात्र चालतो. पण आम्ही पाण्यात राहतो ना, म्हणून आम्हाला मासा ठरवून मोकळी झालीत. त्याच उपासात शिकारी आले. आई गेली. एव्हारिस्तो नावाच्या गुराख्याने मला उचललं आणि घरी बायकोच्या मांडीवर ठेवलं.

युस्मारीला मूलबाळ नव्हतं. तिने मला बाटलीने दूध पाजलं, कुशीत झोपवलं. वाईट नाही हो ती! तिच्यावर रागावताही येत नाही.

मी वाढले, माणसाच्या वजनाची झाले. दात सारखे वाढतात, मग पलंगाचे पाय कुरतडले, दाराची चौकट कुरतडली. मला डुंबायला पाणी लागतं, आणि घाणही मी पाण्यातच करते. आमची रीतच आहे ती. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की एव्हारिस्तो वैतागायचा. "भाताला पाणी नाही, आणि या महाराणीला दोनदा टब भरून!"

कुंपणापलीकडून पेत्रोनिला मावशी डोकावायची. "युस्मारी, उपास जवळ आले गं. भरलीय चांगली तुझी मासोळी!"

"मावशी, तुमच्या जिभेला काही हाड?"

शेवटी माझी तगमग बघवेना, तेव्हा दोघांनी मला दलदलीत नेऊन सोडलं. केवढी धावले मी कळपाकडे! पण मोठी झालेली परकी मादी त्यांना नको होती. नराने पाठीत दात रोवले, मला पिटाळून लावलं. युस्मारी रडत रडत मला परत घेऊन आली. तेव्हापासून मी फाटकाशी बसून शीळ घालते. उत्तर येत नाही.

"एकटी पडलीय गं बिचारी," युस्मारी म्हणायची.

आज सकाळी एव्हारिस्तो हसत हसत आला. पोत्यातून एक इवलंसं पिल्लू काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं. "घे बाई, तुला सोबत! कळपाच्या मागे रेंगाळत होतं, पटकन उचललं."

म्हणजे त्याची आई जिवंत आहे! ती काठाकाठाने हाका मारत फिरत असेल. त्याला आत्ता नेऊन सोडलं तर कळप घेईल, त्यांचंच आहे ते. माझ्याएवढं झाल्यावर कोण घेणार? धोका दिसला की आम्ही भुंकतो, तशी मी भुंकले, फाटकाकडे धावले, पिल्लाकडे आले, पुन्हा फाटकाकडे धावले.

"बघा बघा मावशी, कशी नाचतेय आनंदाने!" युस्मारीने टाळ्याच वाजवल्या.

"खरंच गं," मावशीने डोळे पुसले. "मुक्या जनावरालाही माया असते."

अहो, तुम्ही तरी सांगा तिला! तिची माया खोटी नाही, पण ते पिल्लू माझी सोबत नाही, कुणाचं तरी लेकरू आहे. आजच सांगा, उद्या उशीर होईल.

एव्हारिस्तोने फाटकाला कडी घातलीय. पिल्लू माझ्या पोटाखाली शिरून चाचपडतंय, आणि मला दूध नाही.