मोटरघरात टांगलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे किती? तर उणीपुरी चार वर्षांची! हसू नका. दीड वर्ष मोटरघराच्या भिंतीला टांगून ठेवलं की कुणीही म्हातारं होतं, मग ते लोखंड का असेना.

चंचल नववीत गेली तेव्हा शाळेतून मी तिला मिळाले. सरकारी सायकल! सीट कडक, ब्रेक ढिले, पण घंटी मात्र खणखणीत. तिगावजवळच्या तिच्या गावाहून पांढुर्ण्याची शाळा सात किलोमीटर. वाटेत ती मोठमोठ्याने सूत्रं पाठ करायची. चढावर दम लागून एखादं अर्धं राहायचं, ते उतारावर पूर्ण व्हायचं. संत्र्याची गाडी दिसली की तिच्याशी शर्यत लावायची. घरी आली की आपणहून पुस्तक उघडायची. "अभ्यास कर" असं तिला कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. दहावीत तिला एक्क्याण्णव टक्के मिळाले. सत्कारात घातलेला हार तिने गळ्यातून काढून माझ्या हँडलला घातला. मी फुशारले होते, खोटं कशाला सांगू?

तो हार सुकायच्या आत तिच्या बाबांनी, पुंडलिकरावांनी, पोरीला डॉक्टर करायचं ठरवलं. माणूस वाईट नाही हो. लेकीवर जीव टाकतो. पण त्यांची सारी हयात संत्र्याच्या बागेत गेलेली. बार, म्हणजे फुलांचा बहर, यावा म्हणून हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. झाड तहानतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं. पुंडलिकरावांनी तोच उपाय घरात लावला.

"सायकलवर रोज दीड घंटा जाऊन राहिला तुहा," ते म्हणाले. "आता कोचिंगची गाडी येईन दारात. कबड्डी बंद, मैत्रिणी बंद, लग्नकार्यं बंद. दोन वर्षं कळ काढ बेटा, मंग पाहा कसा बार येते!"

"बाबा, बाकी सारं बंद करा. सायकल तं राहू द्या," चंचल म्हणाली.

"तेच तं पहिले बंद!"

झालं. मला बागेतल्या मोटरघरात टांगलं. सोबतीला पाण्याची मोटर आणि बाग राखणारे म्हातारे कवडूकाका.

बारावीच्या वर्षी डिसेंबरात, बागेचं पाणी तोडलेलं असताना, एका दुपारी चंचल एकटीच तिथे आली. अगं बाई, किती वाळली होती! तिने मला खाली काढलं, ओढणीने सीट पुसली. दोन्ही चाकं बसलेली, चेन गंजून घट्ट झालेली. "तूही नाही चालून राहिली का?" असं म्हणून ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. "पुस्तक उघडते, अक्षरं दिसते, पण आत काहीच जात नाही. पहिले किती आवडे मले!" ती रडली नाही, याचंच मला भय वाटलं. माझ्यात हवा असती तर तिला एक फेरी तरी मारून आणली असती. ही हळहळ मला जन्मभर पुरेल.

जानेवारीत बारावीची सराव परीक्षा झाली. चंचल तीन तास पेपरासमोर बसली आणि फक्त नाव लिहून उठली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव बागेत येऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मटकन बसले. "काय कमी केलं मी तिले, कवडूकाका?"

कवडूकाका म्हणाले, "भाऊ, बागेचं पाणी तोडलं तं आपण रोज पानं पाहतो. पानं कोमेजले का मोटर चालू. एक दिवस जास्त होऊ देत नाही. पोरीचं तोडून दीड वर्ष झालं. तिच्याकडे पाहिलं का कोणी?"

पुंडलिकराव उठले, माझ्या चाकांत स्वतः हवा भरली, चेनला तेल दिलं आणि मला हाती धरून घरी नेलं. "बेटा, जाय, एक चक्कर मारून ये. परीक्षा गेली खड्ड्यात!" ते चंचलला म्हणाले.

चंचलने घंटीवर बोट ठेवलं आणि तसंच उचललं. "राहू द्या बाबा. आता मनच नाही होत."

पुढे बागेची मोटर सुरू झाली. बाग फुलली, सारं शिवार घमघमलं. पुंडलिकरावांचं मात्र तिकडे लक्ष नाही. रोज संध्याकाळी ते माझी हवा तपासतात, मला फाटकाशी उभी करतात आणि शेजारी बसून राहतात. परवा चंचल बाहेर आली, माझ्या सीटवर हात ठेवून जराशी थांबली. मग आत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण टांगलेली असेल तर तिला खाली काढा. कुणी रागावलं तर खुशाल माझं नाव सांगा. आणि मोठ्या माणसांनो, लेकरू मागतं आहे तोवरच हो म्हणा हो! "सायकल तं राहू द्या" म्हणणारी ती पोरगी मला परत हवी आहे. हवा भरलेली आहे. मी फाटकाशी उभी आहे.