रजईतली खिडकी

गुलाब इन्सुलिन घ्यायचा. झोपेत त्याची साखर कधी कधी एकदम उतरायची, आणि त्याला आपणहून जाग यायची नाही. जाग यायची ती मनकर्णाला, त्याच्या बायकोला. त्याचं मनगट थंड आणि ओलं लागलं की ती उठून त्याला हलवून जागं करायची आणि साखरेचं पाणी पाजायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हाताला हळूहळू कळत गेलं होतं.

पण गुलाब झोपेत फार वळायचा. तो वळला की गादी हलायची, पांघरूण ओढलं जायचं, आणि दचकून ती पुन्हा मनगट चाचपायची. तिची झोपच संपली होती. सून म्हणाली, तुम्ही वेगळ्या खोलीत झोपत जा.

"मंग याचा हात कोन पाहीन?" मनकर्णा म्हणाली, आणि कुरखेड्याच्या बाजारात शमीमबाईच्या गाद्यांच्या दुकानात गेली.

शमीमने सगळं ऐकून घेतलं. "भाऊ पांघरून फेकते का?"

"फेकते! या थंडीत! त्याले गरम होते, मी काकडते."

शमीमने गादीच्या एकाच खोळीत दोन वेगळ्या गाद्या भरल्या. त्यांच्यामध्ये सावरीच्या मऊ कापसाची पट्टी घातली. एका बाजूचा हेलकावा त्या पट्टीतच जिरायचा, पलीकडे पोचायचा नाही. रजई तिने एका अंगाला पातळ ठेवली, दुसऱ्या अंगाला जाड. मधोमध आतून खाली लोंबणारा दोन कापडं जोडून केलेला पडदा शिवला, म्हणजे गुलाबने पांघरूण फेकलं तरी मनकर्णाकडे गार हवा शिरणार नाही. आणि त्या पडद्यात, हात पोचेल तिथे, वीतभर शिवण मुद्दाम मोकळी सोडली. मनकर्णाला तिने सांगितलं, "ही तुमची खिडकी."

गादी-रजई तयार झाल्यावर मनकर्णा गुलाबलाही घेऊन आली, आणि दुपारी गादी दुकानातच अंथरली.

"बाजारात झोपू का मी?" गुलाब म्हणाला. "लोक काय म्हनतीन?"

"पंगतीत बसल्या बसल्या घोरता, तवा नाई लाज येत?" मनकर्णा म्हणाली.

तो मुकाट्याने आडवा झाला. मनकर्णाही झाली, आणि दोघांवर रजई ओढून तिने डोळे मिटले. जरा वेळाने ती म्हणाली, "वळा ना आता."

"कवाचाच वळून राह्यलो!"

शमीम हसली. मनकर्णाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सैलपणा आला. मग तिचा हात रजईखाली सरकला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"शमीमबाई, खिडकी नाई इथी."

ती उठून बसली. "लय चांगली बनवली तुमी. पन अशी नाई चालत मले."

शमीमने रजई उलटली. पडद्याची शिवण वरपासून खालपर्यंत बंद होती. टाके बारीक, एकसारखे. असे टाके तिच्या घरात एकच माणूस घालायचा.

"अजी! हे काऊन शिवलं तुमी?"

"टाका सुटला होता," तिचा नवरा नईम म्हणाला. "सुटल्या टाक्याचा माल आपल्या दुकानातून कधी गेला का? तुही चूक झाकली मी."

"चूक नाई ते. बाईच्या हाताची वाट होती."

रजई मांडीवर घेऊन नईमने तेवढे टाके उसवले. मग म्हणाला, "अशीच सोडली अन् पुढं पिंजाले गेली, तं कोनी माह्यासारखा पुन्हा शिवून टाकीन." त्याने जाड दोरा ओवला आणि शर्टाला करतात तसं त्या मोकळ्या जागेला चहूबाजूंनी काज केलं. काठ उठून आला, भक्कम झाला.

शमीमने त्यावरून बोट फिरवलं. "डोये मिटूनबी सापडते हे. मले नव्हतं सुचलं."

"हॉ, मंग!"

तोवर गुलाबला गादीवर खरोखरच झोप लागली होती. मनकर्णा त्याच्या शेजारी आडवी झाली, शमीमने दोघांवर रजई पसरली. हात सरकला, काठाला लागला, पलीकडे गेला. मनगट सापडलं. कोरडं होतं, उबदार होतं.

"बरं हाये," ती पुटपुटली. पुढे काहीतरी म्हणायचं होतं, ते झोपेत राहूनच गेलं.

नईम कुजबुजला, "आता गिऱ्हाइकं आली तं?"

"येऊ द्या," शमीम म्हणाली. "त्यायलेबी दाखवू."