अप्पा येत आहेत

“एकच माणूस एकाच वेळी एकोणतीस घरी कसा काय येतोय, सांग की मला!”

नंदीशनं लॅपटॉप प्रियदर्शनीपुढं ढकलला. पडद्यावर सोलापूरचा नकाशा होता आणि नकाशावर एकोणतीस हिरवे ठिपके. विजापूर रोडला, सात रस्त्याला, होटगी रोडला, पार अक्कलकोट रोडपर्यंत. प्रत्येक ठिपक्याखाली एकच ओळ: शिवलिंगप्पा येत आहेत.

प्रियदर्शनीनं पडद्यावरचं पीठ बोटानं पुसलं. त्यांचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली पट्टा फिरायला लागला की वर फरशी गुणगुणायची, टेबलावरची पेनं हळूहळू कडेला सरकायची आणि दुपारच्या उन्हात पीठ असं तरंगत राहायचं, की खोलीचाच डोळा लागलाय असं वाटावं. इथं बसून दोघं दीड वर्ष ‘हाक’ नावाचं ॲप बांधत होते. फोनवरून हाक मारायची. नळवाला, वायरमन, मेंदीवाली, ब्लाउज शिवणारी, हवं ते माणूस घरी हजर. एवढं तर कुणीही करतं हो! प्रियदर्शनीचं स्वप्न त्याच्या पुढचं होतं. हाकेत एक ‘कट्टा’ होता. कामवाल्यांनी आपापल्या कामाचे फोटो तिथं टाकायचे, लोकांनी टाळ्या द्यायच्या, आवडेल त्याची ‘सोबत’ धरायची. डोळे मिटले की तिला दिसायचं, अख्खं सोलापूर एकमेकांना नावानं ओळखतंय आणि दुपारच्या वेळी घराघरांतून एकमेकांना हाका मारतंय. तिचे वडील म्हणायचे, “आगं, लोकं काय फोन करून बोलवत न्हाईत व्हय?” तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

“सोमवारी पुण्याची माणसं बघायला येणारेत,” नंदीश म्हणाला. “त्यांनी एवढी अर्धवट कामं बघितली की चहासुद्धा न पिता उठतील. या म्हाताऱ्याला काढून टाक.”

पुण्याच्या माणसांनी पैसे घातले तर हाक उभी राहणार, नाहीतर नंदीश नोकरी धरून पुण्याला जाणार, हे ठरलेलं होतं. ‘बघायला येणार’ एवढंच ऐकून प्रियदर्शनीच्या आईनं पोहे करू का म्हणून विचारलं होतं.

“आधी बघून येते, मग काढू,” ती म्हणाली. “चला, बाय.” ती सगळ्यांना बायच म्हणायची. आईला, गिरणीवाल्याला, रिक्षावाल्यालासुद्धा.

जिना उतरताना ती मनाशी पुटपुटत होती. बटणांचे शब्द तिनं स्वतः निवडले होते. ‘स्वीकारा’, ‘पूर्ण’ असले सरकारी शब्द तिला नको होते. हाक आली की कामवाल्यानं ‘येतो’ दाबायचं. मग गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘येत आहेत’ असं उमटायचं. काम उरकलं की ‘संपलं’ दाबायचं. आमच्या सोलापुरात कुणाला समजावून सांगायची गरजच पडणार नाही, असं ती छाती पुढं काढून सगळ्यांना सांगायची.

शिवलिंगप्पा मूळचे वळसंगचे. वय एकसष्ट. पस्तीस वर्षं कूलर, मिक्सर, पंखे दुरुस्त करत आलेले. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांची टपरी गेली आणि टपरीबरोबर पत्ता गेला. अप्पा कुठं सापडतील हे कुणालाच कळेना. हाकेत नाव घातलं तेव्हा कुठं माणसं परत सापडली.

“बस मागं,” तिनं गाठल्यावर अप्पा तिला म्हणाले आणि त्यांची जुनी एम-एटी गाडी भर उन्हात निघाली. पेटीतली हत्यारं खुळखुळत होती. विजापूर रोडला एका दुमजली इमारतीखाली अप्पांनी गाडी बंद केली आणि वरच्या खिडकीकडं कान करून नुसते उभे राहिले. प्रियदर्शनीही उभी राहिली. खिडकीतल्या कूलरचा घूं घूं आवाज उतरत होता आणि मध्येच, अडखळून, पाण्याचा.

“क्षार धरलाय पंपाला,” अप्पा म्हणाले. “खालनंच कळतंय की. बोरचं पानी, दुसरं काय?”

वरती फुलाबाई राहत होत्या. बालवाडीतून निवृत्त झालेल्या, माळशिरसकडच्या. मुलगा बंगळूरला. अप्पांनी कूलरची जाळी काढली, आतला छोटा पंप तळहातावर घेतला आणि जुन्या ब्रशनं त्याच्यावरचा पांढरा थर हळूहळू खरवडायला लागले. घाई म्हणून नाही. फुलाबाई मुलाचं सांगत होत्या, अप्पा हूं हूं करत होते. गवताच्या जाळीवर पाणी पुन्हा सारखं पडायला लागलं तेव्हा खोलीत ओल्या मातीचा वास आला. त्या वासात, भिंतीला टेकून बसल्या जागी, प्रियदर्शनीला चक्क डुलकी लागली.

जागी झाली ती बशीच्या आवाजानं. अप्पांनी चहा संपवला, गुडघ्यावर हात टेकून उठले, म्हणाले, “येतो हं, बाई.” फुलाबाई म्हणाल्या, “या.” मग अप्पांनी खिशातून फोन काढला, लांब धरला आणि अंगठ्यानं, अगदी सवयीनं, ‘येतो’ दाबलं.

फुलाबाईंचा फोन टिंगकन वाजला. शिवलिंगप्पा येत आहेत.

प्रियदर्शनी जिन्यात आली आणि मटकन पायरीवर बसली. हसावं की रडावं तिला कळेना.

“अप्पा, ते बटण येताना दाबायचं! हाक आली की!”

“ते तर दाबतोच की. जाताना पन दाबतो.”

“पण जाताना कशाला?”

“मग जाताना काय ‘जातो’ म्हनू? शुभ बोल की पोरी!” अप्पा खरोखर दचकले होते. “मराठीत ‘येतो’, कानडीत ‘होगी बर्तीनी’, जाऊन येतो. नुसतं ‘जातो’ म्हनायची सोय कुटल्याच भाषेत न्हाय बघ.”

“बरं, मग काम झाल्यावर ‘संपलं’ का नाही दाबत?”

अप्पांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “कारागिरानं सोताच्या हातानं काम संपलं म्हनायचं? कुकू संपलं म्हनत न्हाईत, तांदूळ संपले म्हनत न्हाईत, आन काम? लई वंगाळ शब्द घातलाय तुमी. मी कुनाला बोललो न्हाय, लहान पोरं हायती म्हनून.”

दीड वर्ष! दीड वर्ष डोकं लावून निवडलेले दोन शब्द, आणि हा माणूस पायरीवर उभा राहून म्हणतोय, लहान पोरं हायती म्हणून. प्रियदर्शनीला इतकं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं.

“आन येतो म्हनलं की यावं लागतं,” अप्पा गाडी काढता काढता म्हणाले. “फोनात नावं दिसत्यात की. एकोनतीस घरं. जाता-येता रोज दोन-तीन घरं घेतो. खालनं आवाज ऐकायचा; बरा असला की फुडं, न्हाईतर वर जायचं. त्याचे काय पैसे लावायचे नसत्यात.”

एवढं सगळं तिनं नंदीशला सांगितलं. नंदीशही हसला, पण सोमवार काही हलणार नव्हता. शनिवारी दुपारी तिनं दोन्ही शब्द बदलले. ‘काम घेतलं’, ‘काम झालं’. मग काळीज घट्ट करून अप्पांची एकोणतीस कामं एका झटक्यात बंद केली. नकाशावरचे ठिपके विझले आणि सोलापूर नुसतं करडं दिसायला लागलं.

पाऊण तासात मदतीचा फोन वाजला. मग वाजतच राहिला.

“का वो, अप्पा येनार न्हाईत का आता?”

“काम झालं, धन्यवाद, असं आलंय. आमी काय वाईट बोललो का त्यास्नी?”

“रोज बघत हुते मी, येत आहेत म्हून. आज न्हाय दिसलं.” ह्या फुलाबाई.

चौदा फोन. सगळी म्हातारी माणसं, एकेकटी. कुणाचाही कूलर बिघडलेला नव्हता. शेवटचा फोन अप्पांचा.

“पोरी, माजी घरं गेली की फोनातनं.”

ते रागावलेले नव्हते. टपरी गेली तेव्हाही ते असंच म्हणाले असतील, इतक्या साध्या आवाजात म्हणाले. प्रियदर्शनीला स्वतःची लाज वाटली. सगळ्या शहरानं एकमेकांना ओळखावं म्हणून ती कट्टा बांधत बसली होती. तो कट्टा एका माणसानं चुकीचं बटण दाबून कधीच बांधला होता, आणि तिनं तो दुपारच्या चहाआधी मोडून टाकला.

तिनं एकोणतीसच्या एकोणतीस ओळी परत आणल्या आणि तिसरं बटण केलं. ‘येतो’. त्याचा कामाशी संबंध नाही, हिशेबाशी नाही. निघताना दाबायचं, बस्स.

सोमवारी पुण्याची दोन माणसं आली. त्यांना कट्टा आवडला, नकाशा आवडला, पोहेही आवडले. मग त्यांतल्या तरुणानं विचारलं, “हे तिसरं बटण काय करतं?”

“जाताना दाबायचं.”

“त्यानं काय होतं?”

“समोरच्याला कळतं, की माणूस परत येणार आहे.”

“कधी?”

“ते नाही सांगता येत.”

तो हसला. समजुतीनं म्हणाला, “हे काढा. कधी येणार ते माहीत नाही आणि येत आहेत म्हणायचं, लोकांचा विश्वास उडेल. तेवढं काढलंत की आपण पुढं बोलू.”

नंदीश तिच्याकडं बघत होता. डोळ्यांनी हात जोडत होता म्हणा ना! प्रियदर्शनीला दीड वर्ष आठवलं, आईचं विचारणं आठवलं, आणि ‘माजी घरं गेली की’ हेही आठवलं.

“नाही काढणार,” ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला गिरणीच्या गुणगुणीतून लांबून आल्यासारखा वाटला.

“कळवतो,” ते म्हणाले. मुलगी बघून गेलेले म्हणतात तसं. त्यांनी कळवलं नाही. नंदीश पुण्याला गेला. भांडून नाही, पण गेला. रविवारी फोनवरून ॲपची डागडुजी करायचा आणि दर वेळी विचारायचा, “काय म्हणतायत तुझे अप्पा?” हाक चालत राहिली, सोलापूरपुरती, गिरणीवरच्या खोलीपुरती.

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, अप्पा वळसंगला गेले होते. जेवण करून लिंबाखाली बाजेवर पडले. चहाच्या वेळी हाक मारली तर उठले नाहीत. एवढंच झालं.

कट्ट्यावर बातमी पोचली आणि त्या दिवशी नवलच झालं. कुणीतरी आपल्या कूलरचा फोटो टाकला, खाली काहीही न लिहिता. मग दुसऱ्यानं टाकला. संध्याकाळपर्यंत कट्टाभर कूलर. पत्र्याचे, प्लास्टिकचे, गंजलेले, खिडकीत विटांवर तोललेले. प्रियदर्शनी एकेक बघत बसली आणि मग टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडली.

अप्पांचं खातं आता बंद करायला हवं होतं. नियम तिनंच केला होता. बटण दाबलं की पडद्यावर तिनंच लिहिलेली ओळ यायची: हे खातं बंद केल्यास सर्व ‘येत आहेत’ रद्द होतील. ती तीन दिवस त्या ओळीपर्यंत जाऊन परत फिरली. चौथ्या दिवशी उठून विजापूर रोडला गेली.

फुलाबाईंनी दार उघडलं, तिला बघितलं आणि आत चहा ठेवायला गेल्या.

“आज्जी, तुम्हाला कळलं असेल...”

“कळलं की. कट्ट्यावर आमचा बी फोटू हाय, बगितला न्हाईस?” त्यांनी फोन आणून तिच्यापुढं धरला. शिवलिंगप्पा येत आहेत. “ह्ये बग, अजून येतोयच म्हनतोय.”

“तेच विचारायला आले. खातं बंद केलं की तिथं रद्द असं दिसेल. करू का?”

फुलाबाईंनी फोन पदरानं पुसला.

“रद्द नको लिवू,” त्या म्हणाल्या. “रद्द व्हायसारखा मानूस न्हवता त्यो.”

कूलर चालू होता. पाणी अडखळत होतं. प्रियदर्शनीनं कूलरचं बटण बंद केलं, जाळी काढली, पंप तळहातावर घेतला. पांढरा थर धरलाच होता. कूलरवर अप्पांचा जुना ब्रश ठेवलेला होता, त्यानं ती खरवडत बसली. तिला नीट जमत नव्हतं. फुलाबाई मुलाचं सांगत होत्या, ती हूं हूं करत होती. बऱ्याच वेळानं पाणी सारखं पडायला लागलं आणि ओल्या मातीचा वास सुटला.

चहा झाला. पर्स उचलून ती दाराशी आली. ‘चला, बाय’ जिभेवर आलंच होतं. तिथंच ती अडली.

“येते, आज्जी,” ती म्हणाली.

“ये,” फुलाबाई म्हणाल्या.

जिना उतरून ती खाली आली. रस्त्यावर ऊन नुसतं सांडलं होतं, माणूस म्हणून दिसत नव्हतं. गाडी काढायच्या आधी ती खिडकीखाली उभी राहिली, तोंड वर करून, डोळे मिटून. वरून कूलरचा आवाज येत होता. आवाज बरा होता.