बर्नार्डचं बालीपुराण

ऐंशी सालची गोष्ट. बोटीवर कूक असलेला बर्नार्ड सुट्टीला घरी आला तो बाली बेट डोक्यात घेऊनच. वसईजवळच्या भुईगावात कोणी नुसतं "काय बर्नार्ड, बरं आहे ना?" विचारायचा अवकाश, गडी सुरू! त्या पोरींचा नाच काय, सोनेरी वस्त्रं काय, डोक्यावरची चाफ्याची फुलं काय! एकदा तर भर सकाळी विहिरीवर, लुंगी सावरत, त्याने मान डावी-उजवी सरकवून डोळे गरागरा फिरवून दाखवले. थोरला भाऊ रुडॉल्फ म्हणाला, "अरे, मानेत उसण भरेल!" सगळे पोट धरून हसले. बर्नार्डची बायको लूर्डसही हसली. पण खरं सांगायचं तर तिचा जीव जळत होता.

नाचणाऱ्या पोरींवर नव्हे हो! तेवढी खुळी नव्हती ती. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ नवरा समुद्रावर. तिने वसईपलीकडे पाहिलं काय, तर वांद्र्याची जत्रा. आणि हा बाबा बालीचं एवढं पुराण लावतो, त्यात बायकोचं नाव एकदाही नाही! तिथे आपली आठवण तरी आली का, एवढंच तिला विचारायचं होतं. पण जीभ उचलत नव्हती. आणि गुरुवारी तर तो परत निघणार होता.

बुधवारी दुपारी तिने सरंगा माशाला हळद, आलं, मिरची, ओलं खोबरं लावलं, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजला. बर्नार्ड बालीतल्या माशाचं सांगायचा, अगदी तसाच. बर्नार्डने पहिला घास घेतला आणि केळीचं पान उलटसुलट करून पाहिलं.

"जमला नाही?" तिने विचारलं.

"तीच चव गं. तिथे अंगणात चटईवर बसवून हेच वाढलं होतं. आम्ही जेवतोय आणि समोर नाच."

आता मात्र लूर्डसला राहवेना. "मग मी आठवले की नाही तिथे?"

बर्नार्डने मान वर केली नाही. "शेजारी रुमाल टाकून ठेवला होता मी. कोणी बसायला आलं की खुणेने सांगायचो, इथे माणूस आहे."

"मग?"

"मग काय. नाच संपला, रुमाल उचलला."